‘जीर्ण, देता येत नाही’ असा शेरा मिळालेला अभिलेख पाहायचा तरी कसा?

प्रश्न : ठाकूरद्वारकर

नमस्कार. प्रश्न थोडा लांबणार आहे. मागचा संदर्भ दिला नाही तर तो नुसते गाऱ्हाणे वाटेल.

माझ्या पणजोबांचे गिरगावात दुमजली घर होते आणि तळमजल्यावर किराणा मालाचे दुकान होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि या ट्रस्टने दाट वस्ती फोडून जे रुंद रस्ते काढले त्यांतल्या सँडहर्स्ट रोडच्या, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गाच्या आखणीत आमचे घर गेले, इतपत घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. मोबदला किती मिळाला, तो कोणाच्या नावे निघाला आणि वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडे पुढे कोठे गेली, याबद्दल मात्र प्रत्येक आत्याची हकिगत वेगळी आहे. निवृत्तीनंतर वेळ हाताशी आला, म्हणून ही हकिगत कागदावरून ताडून पाहावी असे ठरवले.

शहरातल्या एका जुन्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात (नाव लिहीत नाही, कारण तक्रार करणे हा हेतू नाही) रीतसर अर्ज केला, ओळखपत्राची प्रत दिली, हस्तलिखित सूचीतून १९०१ च्या एका खंडाचा क्रमांक शोधला आणि मागणी चिठ्ठी भरली. पाऊण तासाने चिठ्ठी परत आली. तिच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिले होते : ‘जीर्ण. देता येत नाही.’ तेथील शिपाईकाका भले गृहस्थ होते. माझा चेहरा पाहून त्यांनी मला दारापर्यंत नेले आणि मांडणीवरचा तो खंड लांबून दाखवला. दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून सुती नाडीने बांधलेला, पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या, आणि खाली फळीवर चहाच्या भुकटीसारखा तपकिरी चुरा. आमच्या घराचा मोबदला त्या चुऱ्यात तर नसेल ना, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

जो अभिलेख जपून ठेवला आहे, पण कोणालाच दाखवता येत नाही, तो नक्की कोणासाठी जपला, असे मला विचारावेसे वाटते. ‘जीर्ण’ हा शेरा शेवटचा समजायचा की त्यापुढे काही मार्ग असतो? असा खंड दुरुस्त होतो का, आणि होत असेल तर वाचकाने मागणी केल्यावर त्याचा क्रम वर घेतला जातो का? शिवाय स्कॅनिंगच्या गोष्टी इतकी वर्षे ऐकतो आहोत, तर मग असे खंड स्कॅन का झालेले नसतात?

याला जोडून आणखी एक. घरी पत्र्याच्या ट्रंकेत काही कागद निघाले आहेत. त्यांत एक इंग्रजी खरेदीखत आहे, जे काकांनी नव्वदच्या दशकात झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणले, आणि मोडीतले चार कागद आहेत. त्यांपैकी सर्वांत जुना दिसणारा कागद मूळ गावचा असावा. त्याच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने बाळबोधीत ‘सलास तिसैन मया व अलफ’ असे लिहून ठेवले आहे. गंमत अशी की हा जुना कागद अजून मऊ आहे, घडी उलगडते. उलट १९०० च्या सुमाराच्या सरकारी नोटिशीचे घडीवर चार तुकडे झाले आहेत. हे असे उलटे कसे?

उत्तर : खळ_आणि_कागद

मी कागद-संवर्धनाचे काम करते, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याच्या उत्तरातच बाकीची निम्मी उत्तरे आहेत.

तुमचा मऊ राहिलेला कागद हातकागद असणार. जुन्नर, दौलताबादजवळचे कागजीपुरा अशा ठिकाणी चिंध्या, दोर, ताग यांच्या लगद्यापासून कागद करत, त्याला खळ लावत आणि दगडाने घोटून गुळगुळीत करत. त्यातले तंतू लांब असतात. वर लिहायची शाई काजळ आणि डिंकाची, म्हणजे मुळात कार्बन, जो कागदाशी काही भांडण करत नाही. पाणी लागले तर ती पसरते हे खरे, पण कागद खात नाही. १९०० च्या नोटिशीचे सगळेच वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यावर शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळेचा लेप देत, आणि याच लेपामुळे कागदात कायमचे आम्ल राहून जाते. कचेरीतली शाई हिराकस आणि मायफळाची असे, म्हणजे तिच्यात लोखंड आणि पुन्हा आम्लच. दोन्ही मिळून कागद आतून जाळत नेतात. जिथे टाकाचा दाब जास्त पडला तिथे अक्षरच गळून पडते आणि अक्षराच्या आकाराचे भोक उरते. अशी पाने उजेडासमोर धरली की भोकांतूनच मजकूर वाचता येतो. मी वाचला आहे, आणि दर वेळी वाईट वाटले आहे.

त्यात आपली मुंबई. अभिलेखांसाठी साधारण २२ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता असावी असे आपल्याकडे सांगितले जाते. जून ते सप्टेंबर इथे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ६५-७० च्या पुढे गेली की बुरशीला आमंत्रणच. वातानुकूलन यंत्रे बसवली आणि संध्याकाळी सहाला कार्यालय सुटताना बंद केली, तर ती नसलेली बरी असे म्हणायची वेळ येते, कारण दिवसा आक्रसलेला कागद रात्री ओल पिऊन फुगतो, आणि वर्षानुवर्षे रोज हेच होत राहते.

आता ‘जीर्ण’ या शेऱ्याबद्दल. आम्ही पानाचा कोपरा एकदा पुढे आणि एकदा मागे दुमडून पाहतो. तेवढ्यात तो तुटला तर ते पान वाचकाच्या हातात देण्याच्या लायकीचे नसते, कारण नुसते उलटण्याचा ताणही त्याला सोसत नाही. तुमच्या वर्णनावरून तो खंड याच अवस्थेत आहे, आणि तो तुमच्या टेबलावर आला असता तर तुमच्या पणजोबांचे पान सापडेपर्यंत आधीची दोनशे पाने तुम्हीच मोडली असती. तेव्हा शिपाईकाकांनी दारातून दाखवला यात त्यांचे चुकले नाही. चूक असलीच तर ती अशी की शेरा मारल्यावर तो खंड दुरुस्तीच्या यादीत गेला की नाही, हे वाचकाला कोणी सांगत नाही.

दुरुस्ती होते, पण ती कपडे शिवून देण्यासारखी नसते. आधी पानांना क्रमांक घालायचे, मऊ कुंचल्याने धूळ काढायची, शाई पाण्यात विरघळते का हे एका टिंबावर तपासायचे, मग कॅल्शियमच्या द्रावणाने आम्ल उतरवायचे, गव्हाच्या स्टार्चची खळ करून पातळ जपानी टिश्यू चढवायचा, दाबाखाली वाळवायचे आणि शेवटी पुन्हा बांधायचे. शाई विरघळणारी निघाली तर पाण्याची वाटच बंद होते आणि दुसरे उपाय शोधावे लागतात. मी दिवसाला आठ-दहा पाने करते. सहाशे पानांचा खंड म्हणजे एका माणसाचे तीन महिने, हा हिशेब डोळ्यासमोर ठेवला की क्रम कोणाचा लावायचा हा प्रश्न किती अवघड आहे ते कळेल. वाचकाने लेखी मागणी केली तर ती नोंद उपयोगी पडते, हे मात्र अनुभवाने सांगते. कोणी मागतच नसलेल्या खंडापेक्षा मागितलेला खंड आधी घेणे कोणत्याही अधिकाऱ्याला पटवता येते.

काकांच्या लॅमिनेशनबद्दल रागावू नका. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठ्या अभिलेखागारांनीही सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पापुद्रा लावून लाखो पाने ‘कायमची’ सुरक्षित केली होती. आपल्याकडे महागडे यंत्र नको म्हणून तेच काम अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून हाताने करत. पुढे तो पापुद्राच पिवळा पडू लागला आणि काही ठिकाणी त्याला शिरक्याचा वास येऊ लागला. म्हणूनच आता जे उलट काढता येत नाही ते लावायचे नाही, असा आमचा दंडक आहे. दुकानातले प्लास्टिक उष्णतेने कागदाला चिकटवलेले असते. ते सोलायला किंवा कडा कापायला जाऊ नका. दोन्ही बाजूंची चांगली छायाचित्रे काढून ठेवा आणि उन्हापासून दूर ठेवा.

मोडी कागदांच्या टाचण्या आणि गंजके पिन काढा, सेलोटेप लावू नका, डांबरगोळ्या कागदांत घालू नका. खळ न घातलेल्या, धुतलेल्या मांजरपाटाच्या कापडात सपाट गुंडाळून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. ट्रंक माळ्यावर असेल तर आजच खाली उतरवा. आपल्या इमारतींच्या माळ्यांना पावसाळ्यात काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

उत्तर : दप्तरी_फिरस्ता

वरचे उत्तर वाचून काही वाचक निराश होतील, म्हणून संशोधकाच्या बाजूने लिहितो. सरकारी कागद सहसा एकटा नसतो. एकाच निर्णयाची एक प्रत इथे, एक तिथे, एक छापून, एक बोटीने विलायतेला, अशी त्या राज्याची रीत होती, आणि तिचा फायदा आपण घ्यायचा असतो. तुमच्या बाबतीत मला निदान चार ठिकाणे सुचतात.

पहिले, सरकारी राजपत्र. ट्रस्टच्या योजनेसाठी जागा घ्यायची तर अधिसूचना छापावी लागे. मुंबई सरकारच्या राजपत्राचे छापील खंड एकाहून जास्त ग्रंथालयांत आणि दप्तरांत आहेत. एका ठिकाणचा फाटला तर दुसरीकडचा बघता येतो. मोबदल्याची रक्कम तिथे मिळणार नाही, पण योजनेच्या तारखा आणि हद्दी हाती लागल्या की पुढचा शोध दहा वर्षांवरून दोन वर्षांवर येतो.

दुसरे, ट्रस्टचे छापील वार्षिक अहवाल. त्यांत योजनावार संपादनाचा आणि खर्चाचा हिशेब असतो. वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडे कुठे गेली याचे उत्तर नावानिशी मिळणे कठीण, तरी ट्रस्टने कोणत्या चाळी केव्हा बांधल्या ते कळते. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, त्यामुळे त्याच्या कागदांचा वारसा पालिकेकडे गेला, हेही ध्यानात असू द्या. बरेच लोक ते फक्त सरकारी दप्तरात शोधत बसतात.

तिसरे, महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालय. मुंबईत १८२१ मध्ये, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, सुरू झालेल्या सरकारी दप्तरखान्याचे हे आजचे रूप. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत ते आहे. मुंबई इलाख्याच्या सचिवालयातली खातेनिहाय दप्तरे तिथे आहेत. आणि इलाखा म्हणजे केवढा, तर सिंध १९३६ पर्यंत त्यात होता. कराचीवर काम करणारे अभ्यासकही याच जिन्याने वर चढतात. तिथे मागणी करताना ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची फाइल’ असे लिहून काही होत नाही. खाते, वर्ष, खंड क्रमांक आणि कंपायलेशन (एका विषयाच्या कागदांचा जुडगा) क्रमांक अशी चार अंगे लागतात. एका खंडात अनेक कंपायलेशने एकत्र बांधलेली असतात आणि एकाच विषयाचा पत्रव्यवहार वर्ष बदलले की दुसऱ्या खंडात जातो. म्हणून १९०१ चा खंड जीर्ण निघाला तर १९०२ आणि १९०३ चे मागवा. त्यांत ‘मागील पत्र क्रमांक अमुक’ म्हणून जुन्या पत्रांचा सारांश, कधी तर पूर्ण नक्कल, पुन्हा आलेली असते. मला स्वतःला हरवलेले एक पत्र असे दोन वर्षे पुढच्या कंपायलेशनमध्ये शब्दशः मिळाले आहे.

चौथे, लंडन. मुंबई सरकारच्या कामकाजाच्या प्रती इंडिया ऑफिसला जात. ते सारे आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. खर्चिक मार्ग आहे, पण सूची इथे बसून पाहता येते, आणि कागद शिल्लक आहे एवढे कळले तरी झोप लागते.

पण या सगळ्याआधी घरचे खरेदीखत, लॅमिनेट केलेले का असेना, भिंग घेऊन वाचा. त्याच्या परिशिष्टात मिळकतीचे क्रमांक ओळीने दिलेले असतात : कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, आणि बहुधा लॉटन सर्व्हे नंबर. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबई शहराची मोजणी केली. तो नंबर हाती आला म्हणजे घर नकाशावर बोट ठेवून दाखवता येते, आणि तिथून पुढे कॅडस्ट्रल म्हणजे सी. एस. नंबराकडे (भूमापनातल्या नंबराकडे) जाता येते. अभिलेखागारात माणसाच्या नावाने शोधणारे थकतात, कारण कारकुनाने ते नाव तीन स्पेलिंगांनी लिहिलेले असते. मिळकतीच्या नंबराला स्पेलिंग नसते. रस्त्यांचीही जुनी नावे जवळ ठेवा. गिरगाव रोड म्हणजे आजचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग, गिरगाव बॅक रोड म्हणजे विठ्ठलभाई पटेल मार्ग. माझ्या ओळखीचे एक अभ्यासक महिनाभर ‘बॅक रोड’ समुद्राकडे शोधत होते.

शेऱ्याविषयी एक कायदेशीर मुद्दा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये अभिलेखाची पाहणी करण्याचा हक्क आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम ७(९) मध्ये असेही म्हटले आहे की माहिती मागितलेल्या स्वरूपात द्यावी, मात्र तसे देण्याने अभिलेखाच्या सुरक्षिततेला किंवा जतनाला बाधा येणार असेल तर अपवाद. याचा माझ्या समजुतीने अर्थ असा की खंड हातात देणे नाकारता येते. त्यातली माहिती दुसऱ्या स्वरूपात, म्हणजे तुमच्या पानांचे छायाचित्र किंवा नक्कल, देण्याचा विचारच नाकारता येत नाही. तेव्हा अर्जात ‘खंड पाहू द्या’ असे न लिहिता ‘या नंबरच्या मिळकतीसंबंधीच्या पानांचे छायाचित्र आपल्या कर्मचाऱ्याकडून काढून मिळावे’ असे लिहा. आधी साध्या अर्जाने आणि गोडीने मागा. माहिती अधिकाराचे कलम पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवले की समोरचा माणूस खुर्चीत मागे सरकतो.

उत्तर : वरळी_नाका

सर्वांचे म्हणणे वाचले, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहिला असे वाटते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती फायली जळाल्या हे आपण सर्वांनी पाहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरची कित्येक कपाटे पाण्यात गेली. दिवसाला आठ-दहा पाने या गतीने दुरुस्ती करत बसलो तर पुढची आग किंवा पुढचा पाऊस आधी येईल. निधी उभा करावा, बाहेरची संस्था नेमावी, जे आहे ते सरसकट स्कॅन करून संकेतस्थळावर टाकावे, मूळ कागद कुलुपात ठेवावेत. केंद्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहेच, मग राज्याराज्यांत आणि खात्याखात्यांत अडचण काय आहे?

उत्तर : रुमालवाला

अडचण काय आहे ती सांगतो, कारण निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची सहा वर्षे अशाच एका कामात गेली. संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही.

आमच्याकडे असेच ‘सरसकट’ ठरले होते. पानांच्या संख्येवर दर ठरला, त्यामुळे ठेकेदाराच्या मुलांचे लक्ष पानांच्या संख्येवर. जीर्ण खंड त्यांनी हातात घेतले नाहीत, कारण त्यांना वेळ लागतो. म्हणजे ज्यांना स्कॅनची खरी गरज होती तेच राहिले आणि धडधाकट खंडांचे मात्र दोनदा स्कॅन झाले. लाल कापडाचे रुमाल सोडले, आतल्या पुडक्यांच्या सुतळ्या कापल्या, कागद सरळ करून यंत्राखाली घातले आणि नंतर जसे हाताला आले तसे परत बांधले. बाहेरच्या कोणाला यात काय बिघडले ते पटकन कळणार नाही. एका पुडक्यात जमाखर्चाची यादी, तिच्या खाली तिच्या पावत्या आणि मध्ये एक चिटोरे असेल, तर ते चिटोरे त्या यादीपाशी आहे म्हणूनच त्याला अर्थ असतो. त्यावर नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. क्रम मोडला की ते चिटोरे जगात कोणाच्याच कामाचे राहत नाही, मग त्याचे छायाचित्र कितीही स्वच्छ असो.

आणि शेवटी आमच्या हाती काय आले? हार्ड डिस्कचा एक खोका. प्रत्येक डिस्कवर हजारो फायली, नावे आयएमजी शून्य शून्य शून्य एकपासून पुढे. कोणती फाइल कोणत्या रुमालातली, हे लिहिलेली वही ठेकेदाराकडे होती आणि ठेकेदाराचा माणूस काम सोडून गेला होता. चार वर्षांनी त्यांतल्या दोन डिस्क चालू झाल्या नाहीत. दुसरी प्रत केलेली नव्हती. तुमचे कुलूपबंद मूळ कागद आम्ही पुन्हा उघडले, वरळीकर, आणि पुन्हा पहिल्यापासून सुतळ्या सोडल्या.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही. जीर्ण कागदाला एकदाच त्रास देऊन चांगले छायाचित्र काढणे हा त्याच्यावर उपकारच आहे. पण आधी सूची. रुमाल क्रमांक, पुडके क्रमांक, कागदाचा विषय एका ओळीत, पहिली आणि शेवटची तारीख, लिपी, अवस्था, एवढे तरी टंकून झाले पाहिजे, आणि छायाचित्राच्या फाइलीचे नाव त्या क्रमांकावरूनच पडले पाहिजे. वरून छायाचित्र घेणारे यंत्र हवे, ज्यात खंड १८० अंश उघडावा लागत नाही. मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गाळता छायाचित्र साठवणाऱ्या प्रकारात), वाचकांसाठी हलकी प्रत वेगळी, निदान तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या शहरात, आणि दर वर्षी उघडून पाहण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर. हे शेवटचे कलम कोणत्याही निविदेत नसते, कारण त्याचा दर पानावर बसत नाही.

सूची झाली की अर्धे वाचक स्कॅनशिवायच मार्गी लागतात, हेही मी पाहिले आहे. लोक खंड मागतात ते त्यात काय आहे हे माहीत नसते म्हणून. पेशवे दप्तराचेच घ्या. इतिहासकार गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले, आणि तेव्हापासून किती अभ्यासकांनी मूळ रुमालाला हात न लावता काम केले याची गणती नाही. निवड कशी केली यावर वाद घालता येईल, तो घालावाही, पण त्या छापील खंडांनी मूळ कागदांचे आयुष्य वाढवले यात मला शंका नाही.

ठाकूरद्वारकर, तुम्ही जी हस्तलिखित सूची पाहिलीत तिच्यात शेऱ्याचा रकाना होता का? असेल तर ‘जीर्ण’ हा शेरा कोणत्या सालचा आहे ते पुढच्या खेपेस पाहा. आमच्याकडे एका खंडावर १९७४ चा शेरा होता. मधल्या काळात तो खंड दुरुस्त होऊन आला होता आणि सूचीत कोणी खोडले नव्हते.

उत्तर : मोडीवाचक_दादर

मोडी कागदांपुरते लिहितो. पेन्सिलीने लिहून ठेवणाऱ्या तुमच्या पूर्वजांना नमस्कार, कारण त्यांनी निम्मे काम केले आहे. ‘सलास तिसैन मया व अलफ’ हे शुहूर सन आहे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना, अरबी अंकांनी उच्चारलेले आणि उलट्या क्रमाने, म्हणजे एकं आधी. सलास तीन, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११९३. त्यात ५९९ मिळवले की १७९२. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, त्यामुळे कागदाचा महिना जानेवारी ते मृगाच्या आधीचा असेल तर ६०० मिळवून १७९३ धरायचे. पडताळा पाहायचा तर पानिपताचे साल घ्या : ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१, लढाई १४ जानेवारीची, म्हणून ६०० मिळवून १७६१. तुमचा कागद सवाई माधवरावांच्या काळातला आहे, आणि वर ताईंनी हातकागदाबद्दल जे लिहिले त्याला तो धरून आहे.

बाकीचे तीन कागद गिरगावच्या घराचे असतील तर त्यांवर शके आणि इंग्रजी तारीख असण्याचा संभव जास्त. शकात ७८ मिळवा. तिथी जानेवारीनंतरची, म्हणजे साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९.

मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे टांगतात, शब्द सुटे करत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून छायाचित्र काढताना अक्षरापेक्षा रेघेचा विचार करा : संपूर्ण ओळ एका छायाचित्रात आली पाहिजे. फ्लॅश नको. खिडकीजवळ, उजेड एका बाजूने पडेल असे ठेवा, म्हणजे शाई उडालेल्या ठिकाणी बोरूचा दाब तरी दिसतो. पाठची बाजू, शिक्के, समासातल्या सह्या सगळे घ्या. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ मध्ये जागा मिळाली, पण कारकुनी मोडी संगणकाकडून बिनचूक वाचून घेण्याची वेळ अजून यायची आहे, तेव्हा तूर्त माणसालाच गाठावे लागेल. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतल्या मोडी वह्या एकदम बाहेर निघाल्या, तेव्हा वाचणारे किती थोडे आहेत हे सर्वांना कळले. नवे लोक शिकत आहेत ही चांगली गोष्ट आहे. फक्त मालमत्तेचा कागद असेल तर दोन वेगवेगळ्या वाचकांकडून वाचून घ्या, कारण ‘खरेदी’ आणि ‘गहाण’ यांत घाईने फरक न करणारेही आहेत.

ठाकूरद्वारकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत काय झाले ते लिहितो.

खरेदीखत भिंगाखाली वाचले. प्लास्टिकमधला बुडबुडा नेमका परिशिष्टावर आहे, तरी लॉटन सर्व्हे नंबर स्पष्ट निघाला. तो घेऊन पुन्हा त्याच कक्षात गेलो आणि फिरस्ता यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहिला. बाईंनी अर्ज वाचून विचारले, ‘नंबर कुठून आणलात?’ मी सांगितल्यावर त्यांनी पुढच्या सालच्या दोन खंडांच्या चिठ्ठ्या स्वतःच भरल्या. १९०२ च्या खंडात आमच्या नंबराचा उल्लेख एका यादीत मिळाला : क्षेत्रफळ चौरस यार्डांत, आणि मालकाच्या रकान्यात पणजोबांचे नाव नाही, त्यांच्या विधवा बहिणीचे आहे. रक्कम नाही. १९०१ च्या खंडातल्या पानांच्या छायाचित्राचा अर्ज ठेवून घेतला आहे. पावसाळा संपल्याशिवाय तो खंड उघडणार नाही असे सांगितले, आणि ते मला पटले. रुमालवाल्यांच्या सांगण्यावरून शेऱ्याचा रकाना पाहिला. शेऱ्याखाली साल नाही, नुसती सही आहे.

विधवा बहिणीचे नाव ऐकून थोरली आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे ट्रंक तिची होती.’

मोडीवाचक, एक शंका. मोडीतल्या एका कागदाच्या खाली, रकमेच्या आकड्यानंतर ‘गु’ आणि पुढे दोन उभ्या रेघा आहेत, आणि त्यानंतर एक नाव. ते नाव मला लागत नाही. छायाचित्र खिडकीजवळ काढले आहे, तुम्ही सांगितले तसे.

मोडीवाचक_दादर

‘गु॥’ म्हणजे गुजारत. अमुक रक्कम पोचली, अमक्याच्या हस्ते. तेव्हा पुढचे नाव पैसे आणून देणाऱ्याचे आहे; मालकाचे असेलच असे नाही. छायाचित्र पाठवा, पण त्याबरोबर त्याच कागदातले एखादे नाव, जे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, तेही दाखवा. लिहिणाऱ्याचा हात एकदा ओळखीचा झाला की बाकीचे वाचता येते.